पहिले पुस्तक कसे निवडावे?



वसंत व्याख्यानमाला म्हटली की संतवाङ्मय, इतिहास, नाटक असे विषय डोळ्यांपुढे येतात. कामगार संघटनेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने संगणकाच्या पुस्तकांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीतल्या टेबलावर झाले. तेव्हा विद्वत्तेचा दावा आम्ही करीत नाही. पण पुस्तकावरून एखादी गोष्ट शिकायची म्हणजे काय, मास्तर नसताना अडले तर काय होते, आणि चुकीचे पुस्तक हाती पडले तर शिकणाऱ्याची उमेद कशी मरते, हे आम्हांला अनुभवाने ठाऊक आहे. तेवढ्याच अधिकारावर आज आम्ही उभे आहोत.

आमच्या कचेरीत अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. एस. टी.तला चालक विचारतो, आंब्याच्या कॅनिंगमध्ये काम करणारी बाई विचारते, कारखान्यातला पंचविशीचा पोरगा स्वतःसाठी विचारतो. ‘प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे. क्लासची फी झेपत नाही. पुस्तकावरून जमेल का? आणि जमत असेल तर पुस्तक कोणते घ्यावे?’ आमचे पहिले उत्तर असे, की जमेल. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका नावात देता येत नाही. त्यासाठीच आजचे व्याख्यान.

आधी एक शंका दूर करू. संगणक आणि कामगार संघटना यांचे नाते आपल्या देशात भांडणानेच सुरू झाले. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक आणण्याचा बेत झाला तेव्हा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. त्या वादातून केंद्र सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचा अहवाल १९७२ साली आला. बँकांत १९८३ साली संगणकीकरणाविषयी संघटना आणि बँका यांच्यात करार झाला. त्या लढ्यात भाकरीचा प्रश्न होता आणि तो खरा होता. पण आज यंत्र दाराबाहेर नाही. हजेरी यंत्र घेते, पगार यंत्र काढते, रजा यंत्र मोजते. यंत्राला जी आज्ञावली दिली आहे, म्हणजे ज्याला आपण प्रोग्रॅम म्हणतो, तीत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नाही, त्याला आपल्या पगारपत्रकावर वाद घालता येत नाही.

एक हिशेब सांगतो. समजा, एका कामगाराचा दर तासाला ९० रुपये आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ तासांच्या वर काम झाले तर जादा वेळेची मजुरी दुप्पट दराने द्यावी असे ठरवले होते. दुप्पट दराचे ते तत्त्व नव्या कामगार संहितेतही राहिले आहे. आता हा कामगार ९ तास ४० मिनिटे काम करतो. चाळीस मिनिटे जादा झाली. तासाला १८० रुपये दराने त्याचे १२० रुपये व्हायला हवेत. आता यंत्राकडे जा. ‘सी’ नावाच्या भाषेत पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागले तर उत्तरही पूर्ण संख्याच येते, अपूर्णांक गळून पडतो. आज्ञावली लिहिणाऱ्याने चाळीसला साठाने भागले आणि मग १८० ने गुणले, तर यंत्र म्हणते, शून्य. त्यानेच आधी चाळीसला १८० ने गुणले आणि मग साठाने भागले, तर यंत्र म्हणते, १२०. आकडे तेच, यंत्र तेच. आधी भागले तर शून्य, आधी गुणले तर एकशेवीस. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर हे तीन हजार रुपये झाले. इथे कोणी चोरी केली असे म्हणता येणार नाही. एक ओळ उलटी लिहिली गेली, इतकेच. पण ती ओळ कोणी वाचलीच नाही तर ते पैसे कायमचे गेले.

हा हिशेब आम्ही मुद्दाम सांगितला, कारण पुस्तक पारखण्याची आमची कसोटी ह्यातूनच निघते. ती पुढे सांगतो. आधी दोन साध्या गोष्टी.

पहिली गोष्ट प्रस्तावनेची. आपल्याकडे प्रस्तावना ओलांडून पुढे जाण्याची सवय आहे. पण पुस्तक कोणासाठी लिहिले आहे हे लेखक तिथेच प्रामाणिकपणे सांगतो. ‘सी’ भाषेवरचे सर्वांत नावाजलेले पुस्तक ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचे. ते १९७८ साली निघाले, दुसरी आवृत्ती १९८८ साली आली. डेनिस रिची हा त्या भाषेचा कर्ताच. पुस्तक तीनशे पानांच्या आत, एक शब्द जास्त नाही. जाणकाराला विचाराल तर तो हेच नाव सांगेल, आणि त्याचे चुकत नाही. पण त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत लेखकांनी स्वच्छ सांगितले आहे की हे नवशिक्यासाठी प्रोग्रॅमिंगची ओळख करून देणारे पुस्तक नव्हे, वाचकाला मूळ कल्पना थोड्याफार ठाऊक आहेत असे आम्ही धरून चाललो आहोत. आता गरीब घरचा मुलगा मोठे नाव ऐकून पोटाला चिमटा घेऊन ते पुस्तक आणतो, विसाव्या पानावर अडतो, आणि समजतो की आपल्यालाच डोके नाही. डोके त्याला आहे. त्याने पहिलीत जाऊन मॅट्रिकचे पुस्तक उघडले, एवढेच झाले आहे. तेच पुस्तक वर्षभराने उघडले तर त्याला त्याची गोडी कळेल.

दुसरी गोष्ट आवृत्तीची. कथाकादंबरी पन्नास वर्षांपूर्वीची असली तरी बिघडत नाही. संगणकाच्या पुस्तकाचे तसे नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक देशभरच्या विद्यार्थ्यांच्या हातात गेली कित्येक वर्षे आहे. सोपे इंग्रजी, लहान लहान पावले आणि प्रत्येक प्रकरणाशेवटी भरपूर प्रश्न, हे त्याचे गुण. त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि लेखकाने ते वेळोवेळी सुधारले. पण रद्दीच्या दुकानात जी प्रत मिळते ती बहुधा जुनी असते. जुन्या प्रतींत ‘टर्बो सी’ हे साधन धरून चालले आहे. त्या साधनात साधा पूर्णांक सोळा बिटांचा, म्हणजे ३२,७६७ च्या वर जात नाही. त्यात कोणी चाळीस हजार रुपये पगार घातला तर यंत्र तो उणे २५,५३६ दाखवते! आजच्या नेहमीच्या साधनांत हाच पूर्णांक २१४ कोटींच्या पुढे जातो. म्हणजे जुन्या पुस्तकात लिहिलेले एक आणि समोर दिसते दुसरे. मास्तर जवळ असला तर तो सांगतो की बाबा, पुस्तक जुने आहे. एकट्याने शिकणाऱ्याला कोण सांगणार?

‘पायथॉन’ ह्या भाषेचीही तीच कथा. ती १९९१ साली लोकांपुढे आली. तिची तिसरी पिढी २००८ च्या डिसेंबरात निघाली, आणि दुसऱ्या पिढीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली. दुसऱ्या पिढीच्या पुस्तकात ‘प्रिंट’ ह्या शब्दापुढे कंस नसतो. ते वाक्य आजच्या यंत्रावर जसेच्या तसे लिहिले तर पहिल्याच ओळीला यंत्र चूक दाखवते. आणि आपला चाळीस मिनिटांचा हिशेब? दुसऱ्या पिढीत चाळीस भागिले साठ म्हणजे शून्य येत असे. तिसऱ्या पिढीत शून्य पूर्णांक सहासष्ट असे अपूर्णांकी उत्तर येते. भाषा एकच, पिढी बदलली की भागाकार बदलतो. म्हणून विकत घेण्याआधी मुखपृष्ठामागचे पान उघडा, साल पाहा, आणि ‘पायथॉन’चे पुस्तक असेल तर ‘प्रिंट’पुढे कंस आहे की नाही तेवढे पाहा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आता कसोटी. पुस्तक हातात घेतलेत की अनुक्रमणिका बघून भागाकाराचे पान काढा. फक्त तेवढेच पान नीट वाचा. तिथे चार गोष्टी आहेत का ते बघा. पूर्ण संख्यांचा भागाकार आणि अपूर्णांकाचा भागाकार ह्यांतला फरक सांगितला आहे का? तो नुसता नियम म्हणून सांगितला आहे, की एखादी पुरी आज्ञावली देऊन दाखवला आहे? ती आज्ञावली जशीच्या तशी लिहून यंत्रावर चालवता येईल अशी आहे का? आणि चूक केली तर काय दिसेल, हे लेखक सांगतो का? चारही असतील तर त्या लेखकाने कधीतरी नवशिक्याच्या शेजारी बसून त्याची अडचण पाहिली आहे असे समजा. असे पुस्तक बाकीच्या पानांवरही सहसा दगा देत नाही.

चौथ्या गोष्टीवर आम्ही विशेष जोर देऊ. पुष्कळ पुस्तकांत सगळे बरोबरच दाखवलेले असते. लेखक लिहितो, यंत्र चालते, उत्तर येते. वाचक लिहितो आणि यंत्र लाल अक्षरांत काहीतरी ओरडते. सुताराच्या हाताखाली उमेदवारी करणाऱ्या पोराला उस्ताद आधी काय शिकवतो? रंधा अडकला तर का अडकतो ते. यंत्राच्या भाषेतही शिकण्याचा निम्मा वेळ चुका शोधण्यातच जातो. ज्या पुस्तकात चूक वाचायला शिकवलेले नाही, ते पुस्तक दुसऱ्याच्या हाताचे कौतुक दाखवते, आपला हात घडवीत नाही.

प्रश्नांचेही तसेच. प्रकरणाशेवटी जे प्रश्न असतात त्यांत ‘व्याख्या लिहा’, ‘फरक स्पष्ट करा’ एवढेच असेल तर ते परीक्षेचे पुस्तक. परीक्षा असेल त्याने ते जरूर घ्यावे, आमचे काही म्हणणे नाही. पण शिकायचे असेल तर ‘अमुक काम करणारी आज्ञावली लिहा’ असे प्रश्न हवेत, आणि ते सोप्यापासून अवघडापर्यंत चढत गेलेले हवेत. सगळ्याच प्रश्नांची उत्तरे मागे छापली असतील तर तोही गुण नव्हे. उत्तर मागच्या पानावर आहे हे कळले की आपले मन लगेच मागे पाहते. मनुष्यस्वभाव आहे तो.

जाडीवर आणि किंमतीवर जाऊ नका. ‘चोवीस तासांत’, ‘एकवीस दिवसांत’ असे मुखपृष्ठावर छापलेले असेल तर त्या वचनाकडे निवडणुकीतल्या वचनाकडे पाहावे तसे पाहा. आणि काही चांगली पुस्तके फुकट मिळतात, हेही लक्षात ठेवा. ॲलन डाउनी यांचे ‘थिंक पायथॉन’ लेखकानेच सर्वांना मोफत वाचायला ठेवले आहे. ते अगदी नवशिक्यापासून सुरू होते. अल स्वायगार्ट यांचे ‘ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथॉन’ हे २०१५ साली निघालेले पुस्तक असेच मोफत वाचता येते. कचेरीतली रोजची कंटाळवाणी कामे, म्हणजे याद्या करणे, तक्ते भरणे, शेकडो फायलींची नावे बदलणे, ही यंत्राकडून कशी करून घ्यावी हे त्यात शिकवले आहे. कारकुनी करणाऱ्या आमच्या भावाबहिणींना आम्ही हेच पुस्तक आधी सांगतो, कारण त्यातली उदाहरणे त्यांच्या टेबलावरची आहेत. ज्याचे उदाहरण आपल्या कामातले, ते पुस्तक आपले.

आता भाषेचा अडसर. ‘पण सगळे इंग्रजीत आहे हो!’ असे लोक म्हणतात, आणि ते खरे आहे. पण अडसर नेमका केवढा आहे तो मोजू या. ‘सी’ भाषेचे १९८९ साली जे प्रमाण रूप ठरले त्यात राखीव शब्द फक्त ३२. ‘पायथॉन’मध्ये आज ३५. पस्तीस शब्द पाठ करायला इंग्रजीचे पंडित व्हावे लागत नाही. आपल्या गोदीतल्या कामगाराने ह्याहून जास्त इंग्रजी शब्द मराठी करून टाकले आहेत. शिवाय ‘पायथॉन’च्या तिसऱ्या पिढीत संख्यांना दिलेली नावे देवनागरीतही चालतात. तास, दर, मजुरी अशी नावे देऊन वरचा हिशेब लिहिला तर यंत्र तो बिनतक्रार करते. तेव्हा अडसर यंत्राच्या भाषेचा नाही, पुस्तकाच्या इंग्रजीचा आहे. त्यासाठी उपाय असा, की पुस्तकाचे पहिले प्रकरण दुकानातच वाचा. एका पानावर दहाबारा शब्दांना अडलात तर दुसरे सोपे पुस्तक घ्या. त्याच्या जोडीला मुंबईच्या आय. आय. टी.चे ‘स्पोकन ट्युटोरिअल’ नावाचे मोफत पाठ ऐका. त्यांतले पुष्कळ मराठीत आहेत. एका बाजूला पाठ चालू ठेवायचा, थांबवायचा, आणि दुसऱ्या बाजूला आपण तेच करून पाहायचे, अशी त्यांची रीत आहे.

पण एवढ्यावर समाधान मानू नये. ह्याच कोकणातले, पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. त्यांचे गाव आज सिंधुदुर्गात आहे, पण १९८१ पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. ‘दर्पण’ काढणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याच माणसाने ‘शून्यलब्धी’ हे उच्च गणितावरचे पुस्तक मराठीत लिहिले. मराठीत ते शब्द नव्हते, ते त्या पिढीने घडवले. एकोणिसाव्या शतकात जे गणिताचे झाले ते आज आज्ञावलीचे का होऊ नये? ज्यांना इंग्रजी येते आणि ही विद्याही येते, अशी माणसे ह्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत आहेत. त्यांनी भाषांतर न करता, आपल्या मासळीच्या, आंब्याच्या पेट्यांच्या, एस. टी.च्या तिकिटांच्या हिशेबांवर पन्नास पानांची एक पुस्तिका मराठीत लिहावी, अशी आमची जाहीर मागणी आहे. मागण्या करण्याची सवय आम्हांला आहेच.

कोणी विचारील, ‘आता तर यंत्राला मराठीत सांगितले की ते स्वतःच आज्ञावली लिहून देते. मग पुस्तक कशाला वाचायचे?’ प्रश्न रास्त आहे. पण त्या यंत्राने लिहिलेल्या ओळींत आधी भागले आहे की आधी गुणले आहे, हे कोण बघणार? पगारपत्रक मालकाने लिहिले, कारकुनाने लिहिले की यंत्राने लिहिले, सही करण्याआधी ते वाचता आले पाहिजे. लिहिणारा बदलला म्हणून वाचणाऱ्याची गरज संपत नाही. उलट, यंत्र भराभर लिहू लागले की वाचणारे जास्त लागतात.

शेवटी दोन सूचना. शिकणाऱ्यांनी एकट्याने पुस्तक घेऊ नये. चौघांनी मिळून एक घ्यावे. मुंबईत गिरणगावातल्या गाववाल्यांच्या खोल्यांत एक वर्तमानपत्र दहाजण ऐकत, एक वाची आणि बाकीचे विचारीत. तसेच इथे करावे. आठवड्यातून दोनदा बसावे, एकाने वाचावे, एकाने यंत्रावर लिहावे, दोघांनी चुका काढाव्यात, आणि पुढच्या वेळी जागा बदलाव्यात. ‘सी’साठी आणि ‘पायथॉन’साठी लागणारी साधने मोफत मिळतात. एक जुना संगणक पुरे होतो.

दुसरी सूचना वाचनालयांना. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. इतक्या जुन्या परंपरेच्या गावात पुस्तकांचे कपाट म्हणजे गावाची मालमत्ता. जिल्ह्यातल्या प्रत्येक लहानमोठ्या ग्रंथालयाने संगणकाच्या कपाटातली पुस्तके वर्षातून एकदा तपासावीत. जुनी झालेली पुस्तके फेकू नयेत, पण त्यांवर ‘जुनी आवृत्ती’ अशी चिठ्ठी चिकटवावी. आणि नवशिक्यासाठी ‘सी’चे एक व ‘पायथॉन’चे एक अशी दोन चालू आवृत्तीची पुस्तके, प्रत्येकी दोन प्रती, इतके तरी घ्यावे. दोन प्रती अशासाठी, की एक घरी जाईल आणि एक बाकावर राहील. घरी जागा नसलेला पोरगा त्या बाकावरच शिकतो.

ह्या कामात आमच्या संघटनेला काही वाटा उचलता आला तर आम्ही मागे राहणार नाही. कचेरी संध्याकाळी सातनंतर उघडी असते, टेबल आहे, दिवा आहे. येणाऱ्याने पुस्तक आणि आपल्या पगाराची चिठ्ठी बरोबर आणावी, म्हणजे पहिला हिशेब त्यावरच करता येईल.